खांबाला कुंची: बंदरावरच्या आमच्या विणकामाबद्दल

सुईदोरा | १२ जून २०२५

नमस्कार मंडळी. परवा वटपौर्णिमेला वडाभोवती सूत गुंडाळत होते. तिसऱ्या फेरीला हात थांबला. मनात आलं, गेले सहा महिने आम्ही बायका बंदरावर जे करत होतो ते याच्याच जातीचं काम होतं. वडाचं सूत कुणाला खुपत नाही, मग आमच्या कामाचा शेवट असा का झाला? तेव्हापासून डोक्यातून जात नाही, म्हणून इथे मांडते आहे.

देवगड तालुक्यातलं आमचं गाव खाडीच्या तोंडाशी आहे. लहानशी जुनी जेट्टी, तिच्यावर पूर्वी होड्या बांधायचे ते आठ बुटके सिमेंटचे खांब (आता होड्या नव्या धक्क्याला लागतात), दोन बाकडी, एका अंगाला लोखंडी कठडा, आणि जेट्टीकडे उतरणाऱ्या वाटेवर एक जुनं बदामाचं झाड.

आम्ही नऊ जणी दुपारची कामं आवरली की एकीच्या पडवीत बसतो. कुणी क्रोशा, कुणी दोन सुयांवर. वर्षानुवर्षं टोपडी, मोजे, तोरणं, टेबलावरचे रुमाल विणत आलो. आता नातवंडं मुंबईला, आणि कोकणातल्या थंडीला स्वेटर लागतो तो पंधरा दिवस. पण हातांना सवय लागलेली असते, ते रिकामे बसत नाहीत. एकीच्या मुलीने फोनवर फोटो दाखवले. परदेशात लोक रस्त्यावरचे खांब, पुलांचे कठडे, बाकडी, झाडं लोकरीने मढवतात. यार्न बॉम्बिंग म्हणतात त्याला. शब्द मला आवडला नाही, काम मात्र फार आवडलं.

मार्गशीर्षात सुरुवात केली. पहिल्या खांबाचा घेर ६२ सेंटिमीटर भरला. मी नेमका ६२ चा पट्टा विणला, शिवून चढवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर पट्टा घसरून खांबाच्या पायाशी घोळ होऊन पडलेला. उसवला. मग ५४ सेंटिमीटरचा विणला. दहा सेंटिमीटरला १८ टाके बसत होते, म्हणजे ९७ टाके. ताणून चढवला तो घट्ट बसला. पांढऱ्यावर निळ्या लाटा, वरच्या काठाला लाल. मढवलेला खांब लांबून कुंची घातलेल्या बाळासारखा दिसायचा, म्हणून आमच्यात नावच पडलं, कुंच्या. शिमग्यापर्यंत आठही खांब, दोन्ही बाकडी, कठड्याचा वीसेक फूट भाग आणि बदामाचं खोड झालं.

पहिल्या दिवशी एक भाऊजी जाळं खांद्यावर घेऊन चालले होते, ते थांबले. "काय गो वयनी, खांबाक थंडी वाजता काय?" दोन दिवसांनी तेच परत आले. "माज्या होडयेच्या खुंटाक पण एक होया." तेव्हा मला कळलं की हे काम गावाने घरात घेतलं. संध्याकाळी म्हातारी माणसं त्या बाकड्यांवर येऊन बसायला लागली. सिमेंटचं बाकडं थंडीत गार लागतं आणि उन्हात चटके देतं, लोकरीचं दोन्ही करत नाही. चार वर्षांत त्या जेट्टीवर मी इतकी माणसं पाहिली नव्हती.

आता दुसरी बाजू. ठरवलं होतं की ७ जूनच्या आत सगळं उतरवायचं. यंदा मेच्या तिसऱ्या आठवड्यातच पाऊस लागला आणि २५ मेला मान्सून देवगडपर्यंत आलासुद्धा. सगळ्यांची घाई झाली, कुणाची लाकडं भिजत होती, कुणाचे आंबे. बंदरावर जायला मला चार दिवस लागले. लोकर पाणी पिऊन लोंबत होती, कुबट वास येत होता. कठड्यावरची सोडवली तर आत लोखंडाला तांबूस पापुद्रे सुटलेले. बदामाच्या खोडावर लोकरीखाली साल काळी ओली पडलेली, मुंग्यांनी घर केलेलं. आणि तिथेच एक साळुंकी. सुटलेल्या धाग्याचा फास तिच्या पायाला बसला होता आणि ती उलटी लटकून पंख मारत होती. ओढणीत धरून नखं कापायच्या कात्रीने धागा कापला. पायाला खोल वळ होता. हातातून सुटल्यावर ती उडाली, पण एका पायावर बसत होती.

दोष आमचा आहे, पावसाचा नाही. मला हे काम सोडायचं नाही. पण असं पुन्हा करायचं नाही. जाणत्यांनी सांगा.

टाकेवाली | १२ जून २०२५

सुईदोराताई, आधी एक सांगते, तुमचं ५४ आणि ६२ चं गणित अगदी बरोबर आहे. घेराच्या साधारण आठव्या हिश्श्याने कमी विणायचं, म्हणजे ताण राहतो. आणि सगळे सुलट टाके असतील तर काठ वळतात, म्हणून दोन्ही काठांना चार-चार टाके उलट-सुलट ठेवा. नवीन शिकणाऱ्यांसाठी: क्रोशाच्या टाक्यालाही आपण खांबच म्हणतो, साखळी, खांब, मुका खांब. खांबांनी खांब मढवायचा. मला हे फार गोड वाटतं.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडं. अमेरिकेत ह्यूस्टनला मॅग्डा सायेग या बाईंनी २००५ साली आपल्या दुकानाच्या दाराच्या मुठीला विणलेलं आवरण घातलं. येणारे जाणारे थांबून बघायला लागले, मग त्यांनी रस्त्यावरच्या पाटीचा खांब मढवला. तिथून ते जगभर गेलं. २०११ पासून ११ जून हा त्याचा आंतरराष्ट्रीय दिवस मानतात, कॅनडातल्या लेथब्रिजच्या जोअन मॅटविचक यांनी सुरू केला. म्हणजे कालच होता.

आणि ११ जून ही हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मान्सून पोचण्याची तारीख. त्यांच्याकडे तो उन्हाळा, बाहेर पडायचे दिवस. आपल्याकडे त्या दिवशी लोकर बाहेर टांगणं म्हणजे धुवायला टाकणं. कोकणात या कामाचं वर्ष दिवाळीनंतर सुरू व्हायला हवं.

लीड्सकर | १३ जून २०२५

मूळ गाव मालवण, आता वीस वर्षं यॉर्कशरमध्ये. ही चर्चा वाचून राहवलं नाही.

इथून दीड-दोन तासांवर सॉल्टबर्न नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथे एक जुना लाकडी-लोखंडी धक्का समुद्रात आत जातो, यॉर्कशरमध्ये असा एवढाच शिल्लक आहे. २०१२ साली लंडन ऑलिंपिकच्या आधी एका सकाळी त्या धक्क्याच्या कठड्यावर पन्नास यार्डांचा विणलेला पट्टा आढळला. त्यावर खेळाडूंच्या छोट्या विणलेल्या बाहुल्या, पोहणारे, सायकलवाले, कसरतपटू. कोणी केलं ते कोणी सांगितलं नाही. लोक तो बघायला लांबून यायचे. आता इंग्लंडमध्ये लाल टपालपेट्यांवर विणलेल्या टोप्या जागोजागी दिसतात, सणवार बदलला की टोपी बदलते.

ताई, तुमच्या बाकड्यांवर म्हातारी माणसं येऊन बसली हे वाचून घसा दाटला. माझे वडील मालवणच्या जेट्टीवर असेच बसायचे. तुम्ही हे सोडू नका. इथल्या विणणाऱ्या बायका पट्टा चढवल्यापासून दर आठवड्याला एक चक्कर मारतात, सुटलेला धागा दिसला की तिथेच बांधतात. साळुंकीचं जे झालं ते या एका सवयीने टळलं असतं असं वाटतं.

वाळूपुळण | १३ जून २०२५

मी वेळासच्या बाजूची. दर हंगामात कासवांच्या घरट्यांवर काम करते, त्यामुळे स्पष्ट लिहिते, राग मानू नका.

तुम्ही वापरलेली लोकर बहुधा लोकर नाहीच. आपल्याकडे दुकानात 'लोकर' म्हणून मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक, म्हणजे प्लास्टिकचा धागा. प्लिमथ विद्यापीठाने २०१६ साली मोजलं होतं: ६ किलो ॲक्रिलिक कपडे यंत्रात एकदा धुतले की ७ लाखांहून जास्त तंतू पाण्यात जातात. ते यंत्रातलं एक धुणं. तुमच्या जेट्टीवर पाऊस चार दिवस धूत होता आणि ते पाणी थेट खाडीत गेलं.

किनाऱ्यावर आम्हाला ऑलिव्ह रिडले कासवं तुटक्या नायलॉन जाळ्यात अडकलेली सापडतात. मानेभोवती, पुढच्या वल्ह्यांसारख्या पायांभोवती. एकदा मादीच्या वल्ह्यात जाळं इतकं रुतलं होतं की कापताना हाड दिसलं. साळुंकीच्या पायाला फास बसला तो तुम्ही डोळ्यांनी पाहिलात. पाण्यात काय होतं ते कुणी पाहत नाही.

विणा, जरूर विणा. पण समुद्राच्या दहा पावलांवर प्लास्टिकचा धागा नको.

माडबन | १३ जून २०२५

वाळूपुळण यांच्याशी शंभर टक्के सहमत. झाड तर अजिबात नको. सालीला हवा लागते, खोड तिथूनही श्वास घेतं. वडाचं सूत कच्चं असतं, एका पावसात विरायला लागतं, म्हणून चालतं. तेही जिथे थरावर थर साचतात तिथे काढायला हवं.

कुडाळकर | १४ जून २०२५

मला एक प्रश्न पडला आहे आणि तो मनापासून विचारतो. एवढी लोकर, नऊ जणींचे सहा महिने. घाटावर उसाच्या फडात तोडणीवाल्यांची मुलं थंडीत पालाखाली झोपतात. त्यांना पांघरूण नाही आणि आपण सिमेंटच्या खांबाला कुंची घालतो, हे मनाला पटत नाही.

सुईदोरा | १४ जून २०२५

कुडाळकर, प्रश्न खरा आहे आणि तो आमच्या पडवीतही निघाला होता. उतरवलेले पट्टे आम्ही टाकले नाहीत. धुऊन, वाळवून, जोडून सहा पांघरुणं झाली, बाकीचं उसवून गुंडे केले. पुढच्या वेळी आधीपासूनच एका मापाचे पट्टे करू म्हणजे उतरवल्यावर जोडायला सोपे.

पण एक मनातलं सांगते. आमच्यातली एक बाई नवरा गेल्यापासून तीन वर्षं घराबाहेर पडत नव्हती. ती फक्त या खांबांसाठी उठून बंदरावर आली. चौथ्या खांबावरचे मासे तिचे आहेत. पांघरूण तिने घरात बसून विणलं असतं आणि ते कुणीतरी घेऊन गेलं असतं. खांब मढवायला तिला दार उघडून चालत यावं लागलं, वाटेत चौघांशी बोलावं लागलं. पांघरुणं आम्ही देऊच, पण यालाही मी वाया म्हणणार नाही.

वाळूपुळण, राग कसला. खरं आहे, लेबलं काढून बघितली, सगळी शंभर टक्के ॲक्रिलिक. इतकी वर्षं आम्ही तिला लोकरच म्हणत आलो. पण मग विणायचं कशाने? खरी लोकर इथे मिळत नाही, महाग पडते आणि या दमट हवेत तिला कसर लागते. सूत दोन पावसांत कुजेल.

कुडाळकर | १४ जून २०२५

ताई, चौथ्या खांबाबद्दल वाचलं. माझा आक्षेप मागे घेतो. पांघरुणं पोचवायची सोय लागली तर मी गाडी देतो.

निवृत्त मास्तर | १५ जून २०२५

परवानगीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. २०१० च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला वॉल स्ट्रीटजवळच्या बैलाच्या कांस्य पुतळ्याला आगाता ओलेक या पोलंडहून आलेल्या कलावंत बाईंनी रातोरात गुलाबी क्रोशाचं कातडं चढवलं. काही तासांत ते काढून टाकलं गेलं, कारण परवानगी नव्हती. तिथे गुपचूप करण्यात या कलेचा अर्धा प्राण आहे. आपल्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, गुपचूप करायचं कारण नाही. आपल्याकडे मालमत्ता विरूपण प्रतिबंधाचा १९९५ चा कायदा आहे. साध्या कागदावर ग्रामपंचायतीला अर्ज करा, जेट्टी सागरी मंडळाची असेल तर त्यांनाही. कधी लावणार, कधी काढणार, कोण काढणार, हे तिन्ही लिहा, तारखांसह. काढायची तारीख लिहून दिलेली असली की ती पाळली जाते.

विजेच्या खांबाला हात लावायचा नाही. रस्त्याच्या पाट्या, वळणावरचे चमकणारे दगड झाकायचे नाहीत. आणि लोखंड नको. खारी हवा आणि ओली लोकर मिळून लोखंडावर कायमची ओली पट्टी बांधल्यासारखं होतं, गंज आतून खातो आणि वरून दिसत नाही. सिमेंट, दगड, लाकूड चालेल.

खाडीपलीकडे | १६ जून २०२५

आमचं घर मच्छीमारांचं, चार पिढ्या रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं). सूत कुजतं म्हणून काळजी करताय, त्यावर एक जुनी गोष्ट आहे.

नायलॉन यायच्या आधी आमची सगळी जाळी सुताची नाहीतर सणाची होती. ती रोज खाऱ्या पाण्यात जायची आणि तरी टिकायची. कशी? आज्याच्या वेळेला पुळणीवर मोठी कढई चढायची. त्यात झाडाची साल नाहीतर कात उकळायचा आणि अख्खं जाळं त्यात रात्रभर बुडवून ठेवायचे. सकाळी बाहेर काढून वाळूवर पसरायचे, सगळी पुळण लाल-तपकिरी व्हायची. माझी आजी सांगायची, त्या दिवशी घरातल्या बायकांचे हात कोपरापर्यंत रंगायचे आणि आठवडाभर जात नसत. सालीत, कातात जे टॅनिन असतं ते सुतात मुरतं आणि बुरशीला, किडीला धागा खाऊ देत नाही. चामडं कमावतात तसंच. दर काही आठवड्यांनी पुन्हा बुडवायचं.

खैराचा कात हा आपल्या कोकणातलाच माल. कातकरी हे नावच त्यावरून पडलं. आणि लीड्सकरांना सांगायला आवडेल, तुमच्याकडच्या इंग्लंडच्या कोळ्यांची जाळी आणि शिडंसुद्धा याच कातात बुडायची, तो हिंदुस्थान-ब्रह्मदेशातून जायचा. जुन्या चित्रांत होड्यांची शिडं तांबडी दिसतात ती या रंगामुळे.

दुसरं, काथ्या. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात महिनोन् महिने पुरून ठेवली, बडवली, की धागा निघतो. जो पाण्यातच पिकला त्याला पाण्याची भीती नसते. सुईवर विणायला तो रखरखीत आहे, पण जाड आकड्याने क्रोशा होईल.

लीड्सकर | १६ जून २०२५

खाडीपलीकडे, इथल्या एका बंदरावरच्या संग्रहालयात कच घालायची मोठी कढई ठेवली आहे. मी तिच्या शेजारी उभा राहून फोटो काढला होता आणि 'कच' म्हणजे आपला कात हे मला आज कळलं. आभार.

गणिताची ताई | १८ जून २०२५

थोडं बाजूचं, पण मालवणचा विषय निघाला म्हणून.

क्रोशाने प्रवाळ विणता येतं. कॉर्नेल विद्यापीठात दाइना ताइमिन्या या लॅटव्हियाच्या गणितज्ञ बाईंनी १९९७ साली हायपरबोलिक पृष्ठभाग, म्हणजे काठाकडे वाढत जाऊन झालर पडणारा आकार, क्रोशाने विणला. विद्यार्थ्यांना कागदाची प्रतिकृती हातात धरता येत नसे, लगेच फाटे. रीत अगदी सोपी: गोल विणताना ठरावीक अंतराने एका टाक्यात दोन खांब घालत राहायचं. मी दर तिसऱ्या टाक्याला वाढवलं. चौथ्या फेरीपर्यंत सपाट चकती वाटते, मग काठ उठतो, झालर पडते, आणि आठव्या फेरीला हातात कोबीचं पान नाहीतर प्रवाळाचा तुकडा असतो. फेरीगणिक टाके कसे फुगतात ते मोजताना माझ्या सातवीतल्या मुलीला घातांक समजले.

मार्गारेट आणि क्रिस्टीन वेर्टहाइम या बहिणींनी २००५ पासून हीच रीत घेऊन क्रोशाचं अख्खं प्रवाळबेट उभं केलं, खरी प्रवाळं मरतायत म्हणून. आपल्या मालवणच्या समुद्रात जिवंत प्रवाळ आहे, ते अभयारण्य १९८७ चं. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक आहे, तिथेही प्रवाळ. किनाऱ्यावरच्या किती मुलांनी ते पाहिलंय? तुमच्या एखाद्या खांबावर प्रवाळ विणा, मी नमुना लिहून देते.

माडबन | १८ जून २०२५

यार्न बॉम्बिंगला मराठी शब्द काढायचा असेल तर 'विणसाज' कसा वाटतो? बॉम्ब शब्द जिभेवर येत नाही.

टाकेवाली | १८ जून २०२५

विणसाज छान आहे. पण 'कुंची' आधीच रुजलाय, तो बदलू नका.

आणि बॉम्बवरून आठवलं. २००६ साली कोपनहेगनला मारियान यॉर्गनसेन यांनी एक खराखुरा रणगाडा गुलाबी विणलेल्या चौकोनांनी मढवला, नळीसकट. इराकच्या युद्धात डेन्मार्क उतरला त्याचा निषेध म्हणून. ४,००० वर चौकोन, निरनिराळ्या देशांतल्या माणसांनी विणून पाठवलेले. फोटोत तो रणगाडा पाहिला की भीतीच वाटत नाही.

सुईदोरा | २८ जून २०२५

सगळ्यांचं तीन-तीनदा वाचलं, पडवीत मोठ्याने वाचून दाखवलं. आज मागच्या दारी, जिथे पागोळ्या पडतात तिथे, चार पट्ट्या टांगल्या. एक ॲक्रिलिक, एक साध्या सुताची, एक कातात बुडवलेल्या सुताची, एक काथ्याची. चारही एक वीत रुंद. कात असा केला: अर्ध्या किलो सुताला शंभर ग्रॅम, उकळून, रात्रभर बुडवून, उन्हात वाळवून. उन्हासाठी दोन दिवस थांबावं लागलं. तीनदा केलं. थोडी तुरटी घातली. मोरचूद घालतात म्हणे रंग पक्का करायला, पण खाडीशेजारी ते विष नको म्हणून नाही घातलं. हात खरंच कोपरापर्यंत रंगले. पाऊस सरला की लिहीन.

सुईदोरा | ५ ऑक्टोबर २०२५

चौदा आठवडे झाले. काल दसऱ्यानंतरच्या शनिवारी सगळ्या जणी जमून पट्ट्या काढल्या.

ॲक्रिलिक: रंग तसाच, धागा शाबूत, पण वरची लव गेलेली. हाताला पूर्वीसारखी मऊ लागत नाही. ती लव कुठे गेली ते आता आम्हाला माहीत आहे.

साधं सूत: काळ्या बुरशीचे ठिपके, दोन बोटांनी ओढलं तर तटकन तुटलं.

कातातलं सूत: आखडलं, पापडासारखं ताठ झालं, रंग तांबूसवरून गडद विटेसारखा. पण ओढून बघितलं, दोन जणींनी दोन टोकांना धरून ओढलं, तुटलं नाही. वास मातीचा येतो.

काथ्या: थोडा काळवंडला, बाकी काही नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पावसातही जात नाही.

म्हणून असं ठरलंय. सिमेंटचे आठ खांब आणि दोन बाकडी, एवढंच. कठडा नाही, बदाम नाही. खांबाच्या बुडाला आणि वरच्या काठाला काथ्याचा कडा, मध्ये सुताची वीण. निम्मं सूत कातातलं, निम्मं पांढरं, म्हणजे नक्षी दोनच रंगांत. आधी मन खट्टू झालं, निळ्या लाटा गेल्या म्हणून. पण कातातला तांबडा आणि पांढरा एकत्र विणून बघितला आणि सगळ्या गप्प झाल्या. कौलं आणि चुना. आपल्या घरांचाच रंग आला. बाकड्यावर बसून कपड्याला रंग लागतो का, तेही पांढरं फडकं ओलं करून घासून बघितलं. पहिल्या दोन धुण्यांत लागतो, तिसऱ्यानंतर नाही. म्हणून बाकड्यांना पांढरंच.

खाडीपलीकडे | ५ ऑक्टोबर २०२५

आजी असती तर तुमचे हात बघायला आली असती. सुतात कात मुरलाय का बघायची तिची रीत: ओला धागा मुठीत घट्ट पिळायचा, गळणारं पाणी चहासारखं असलं तर अजून एकदा बुडव, निवळ असलं तर झालं. जाळ्याची गाठ हवी असेल तर सांगा, ती ओढली की आवळते, सुटत नाही. लोंबणारं टोक उरत नाही, पाखराच्या पायाला फास बसायचा प्रश्न मिटेल.

सुईदोरा | ६ ऑक्टोबर २०२५

गाठ हवीच आहे. फोनवर दाखवून कळणार नाही, या रविवारी या ना. जेवायलाच या.

वाळूपुळण | ६ ऑक्टोबर २०२५

ताई, मी जून महिन्यात कडक लिहिलं होतं. तुम्ही चौदा आठवडे पट्ट्या टांगून बघितल्यात याबद्दल काय लिहू. एका खांबावर कासव हवं. विणायला मी शिकते.

सुईदोरा | २४ नोव्हेंबर २०२५

काल पहिले तीन खांब झाले. ग्रामपंचायतीचा कागद मिळाला, त्यावर काढायची तारीख ३० एप्रिल लिहिली आहे. मे महिन्याचा आता भरवसा नाही. दर रविवारी दोघी जणी फेरी मारणार, पाळ्या लावल्यात, पहिली पाळी माझी.

जाळ्याची गाठ खाडीपलीकडेच्या काकांनी शिकवली. आधी अर्धा तास आमच्यातल्या एकीलाही जमेना. मग चौथ्या खांबावर मासे विणणारी आमची बाई, तिने काकांच्या हातातली जाळ्याची सुई घेतली आणि न बोलता दहा गाठी मारल्या. तिचे वडील जाळी विणायचे, हे आम्हाला एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं. आता ती बाकीच्यांना शिकवते.

भाऊजी परत आले होते. तांबड्या वीणीवर हात फिरवत म्हणाले, "ह्यो वास वळखीचो आसा." मग बराच वेळ तिथेच बसले.

गणिताची ताई, प्रवाळाचा नमुना मिळाला, पण सुताला ताठपणा कमी पडतो, सहाव्या फेरीनंतर झालर लोळते. दर तिसऱ्याऐवजी दर दुसऱ्या टाक्याला वाढवू का? वाळूपुळण, तुझ्या कासवाच्या खांबाचा घेर ६१ भरला, म्हणजे ५३ ने विणायला घे. आणि कुणाकडे जाड क्रोशाचा आकडा जास्तीचा असेल तर पाठवा, काथ्याने आमचे दोन मोडले.